रुख्मानं बाहेरून कडी लावली

मुर्री गावातल्या बायका रुख्मा कुमरेचं नाव निघालं की म्हणायच्या, नवऱ्यानं रडवलं, पण पोरगा चांगला निघाला. त्यात खोटं काही नव्हतं. मनिराम दारू पिऊन पिऊन मेला, त्यानंतर रुख्मानं गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये तांदूळ पाखडून एकुलत्या एका गुलशनला वाढवलं. कोंड्याच्या धुळीनं तिला कायमचा खोकला लागला. पोरगा दहावी झाला, मोबाईल दुरुस्त करायला शिकला आणि स्टेशनजवळच्या एका लहानशा दुकानात बसू लागला. दारूला शिवायचा नाही. संध्याकाळी परतताना आईसाठी खोकल्याचं औषध आणायचा. शेजारची खुशी आपल्या नवऱ्याला ऐकवायची, "त्या गुलशनकडं पाह्य जरा. मायले कसा जपते."

लहानपणीही तो तसाच होता. मनिराम रुख्मावर हात उगारायचा तेव्हा हा सात-आठ वर्षांचा पोरगा बापाच्या दंडाला लोंबकळायचा. "बाबा, मायले नोको मारू," म्हणून ओरडायचा. बाप त्याला झटकून टाकायचा, तो पुन्हा येऊन लोंबकळायचा. त्या दिवसांत रुख्माला जगायला तेवढा एकच आधार होता.

गुलशनचं लग्न झालं ते दरेकशाकडच्या एका गावातल्या मुलीशी. तिचे वडील चैतराम सलामे तेंदूपत्त्याच्या हंगामात पानं गोळा होतात त्या फडीवर जायचे, एरवी जंगलखात्याच्या कामावर. भाग्यश्री बारावी शिकलेली होती आणि मोठ्यानं हसायची. पहिल्या महिन्यात रुख्मा तिला म्हणाली होती, "हळू हास वो, रस्त्यावर आवाज जाते." मग तो आवाज आपोआप कमी होत गेला आणि एक दिवस थांबला. तो कधी थांबला, हे रुख्माच्या लक्षात आलं नाही.

सुरुवात फोनपासून झाली. गुलशनचा धंदाच फोन उघडायचा. घरी आला की तो बायकोचा फोन घेऊन बसायचा. कोणाचा आला, किती वेळ बोलली, नंबर का पुसला. दुकानात दिवसभर हिंदी बोलायची सवय, रागावला की घरातही हिंदीच यायची. "किससे बात कर रही थी? सच बोल." माहेरी आतेभाऊ होता, हिमांशू. त्याचा लग्नानंतर एकदा फोन आला होता. तेवढ्यावरून पहिली थप्पड बसली. दुसऱ्या दिवशी गुलशननं बायकोसाठी जिलेबी आणली, तिच्यासमोर कान धरले आणि रडलासुद्धा. रुख्माला वाटलं, रडला म्हणजे पोराचं मन चांगलं आहे. मनिराम कधी रडला नव्हता.

मग भाग्यश्रीला दिवस गेले. चौथा महिना सुरू होता. दुपारची वेळ, रुख्मा अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसली होती. आतून आधी गुलशनचा आवाज आला, मग काहीतरी भिंतीवर आदळल्याचा, मग भाग्यश्रीचं, "पोटावर नोको, पोटावर नोको." थोड्या वेळानं गुलशन गाडी काढून दुकानात निघून गेला. रुख्मा आत गेली तेव्हा सून जमिनीवर बसली होती आणि तिचं लुगडं रक्तानं भिजलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? भाग्यश्रीनं तोंड उघडायच्या आत रुख्माच बोलली, "हापशीवर घसरून पडली जी." तिनंच नंतर गावाला हेच सांगितलं आणि व्याह्यांनाही. चैतराम लेकीच्या उशाशी बसून मान हलवत राहिले. "हापशीवर शेवाळ असते," एवढंच म्हणाले.

वर्ष गेलं. भाग्यश्री पुन्हा पोटुशी राहिली. आता गुलशननं फर्मावलं की तपासणीला ती एकटी जाणार नाही, माय सोबत जाईल. "डोरा ठेवजो तिच्यावर," तो आईला म्हणाला. रुख्मानं मिलमधून सुट्टी काढली आणि सुनेला घेऊन गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात गेली.

तिथं वजन झालं, रक्त घेतलं, मग नर्सनं भाग्यश्रीला बाजूच्या एका लहान खोलीत जायला सांगितलं. रुख्माही उठली. दारात एक चाळिशीची बाई उभी होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला. ती तिथली समुपदेशक, धनवंता. गरोदर बायकांशी घरच्या गोष्टी बोलणं, कोणाला मारहाण होत असेल तर पुढं काय करता येईल ते सांगणं हे तिचं काम. भाग्यश्रीच्या माहेराजवळच्या सालेकशाकडची होती, बोलण्यावरून कळायचं.

"मावशी, तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. "इथं एकट्या बाईनंच यायचं. सगळ्यांले हाच नियम आहे."

"मी सासू होय तिची."

"असू द्या ना. सासूबी बाहेरच बसते."

रुख्मा बाकावर बसली. दार बंद झालं. आतलं काही ऐकू येत नव्हतं, कूलरची घरघर तेवढी येत होती. बराच वेळ गेला. आपला पोरगा त्या खोलीत उघडा पडतो आहे, असं तिला वाटत होतं. भाग्यश्री बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ती नेहमीसारखी खांदे पाडून चालत नव्हती.

ऑटोत रुख्मानं विचारलं, "का बोलली वो आत?"

"त्यांनी विचारलं, घरी कोनाचा भेव वाटते का."

"मंग?"

भाग्यश्री ऑटोबाहेर बघू लागली.

घरी गुलशननंही तेच विचारलं, आईला बाजूला घेऊन. "आत कायले बसवून ठेवते ते बाई? का विचारते?" रुख्मा म्हणाली, "खाण्यापिण्याचं सांगते रे. पालेभाजी खाय, लोहाच्या गोळ्या घे." पोराशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. का बोलली, ते तिलाच समजलं नाही.

दर तपासणीला तसंच होत राहिलं. भाग्यश्री आत, रुख्मा बाकावर. घरी मार थांबला नव्हता, फक्त आता तो दिसेल अशा जागी नसायचा. सहाव्या महिन्यात एकदा धनवंतानं दार उघडलं आणि म्हणाली, "मावशी, आत येता का? भाग्यश्रीच बोलवून राहिली."

खोलीत तीन खुर्च्या आणि एक टेबल होतं. भाग्यश्री खाली बघत होती. धनवंता तिला म्हणाली, "नाही बोलावं वाटलं तर नको बोलू. घाई नाही."

भाग्यश्री बोलली. आवाज अगदी बारीक होता. "आई, त्या दिवशी तुम्ही अंगणातच होत्या."

रुख्मानं मान वर केली.

"मी खिडकीतून पाह्यलं. मी ओरडली तवा तुमचा हात सुपावर थांबला. मले वाटलं आता येतीन. मंग तुमचा हात परत चालू झाला."

रुख्माला वाटत होतं की हे जगात कोणाला माहीत नाही. आपला हात थांबला होता, हे तिनं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. धनवंतानं पाण्याचा ग्लास पुढं केला. रुख्मानं तो हातात घेतला, पण पाणी प्यायली नाही.

"मीबी असाच मार खाल्ला," ती शेवटी म्हणाली. "गुलशनच्या मागचं एक लेकरू माया पोटातच गेलं. माही सासू चुलीजवळ बसून होती. तवा मी तिले लय शिव्या दिल्या मनात." तिनं ग्लास टेबलावर ठेवला. "अना मी तेच केलं."

भाग्यश्रीनं तिला धीर दिला नाही, जवळही घेतलं नाही. ती तशीच बसून राहिली. ती सांगायला आली होती, तेवढं सांगून झालं होतं.

"आता का करू ते सांगा," रुख्मा धनवंताला म्हणाली.

"ते तिले विचारा, मावशी. मी तिले नवरा सोड म्हणत नाही, अना राह्यबी म्हणत नाही. तिचं तीच ठरवन. आपण एवढंच पाहू का ती अना लेकरू जिवंत राहावं."

मग तिघींनी मिळून ठरवलं. कपड्यांची पिशवी आणि दवाखान्याचे कागद खुशीच्या घरी ठेवायचे. हिमांशूचा नंबर रुख्माच्या साध्या फोनमध्ये टाकायचा, कारण तो फोन गुलशन बघत नाही. त्याच फोनवरून धनवंताला केव्हाही लावायचं. ठरवताना भाग्यश्री एकदा म्हणाली, "आईले जमन का?" हे तिनं धनवंताला विचारलं होतं, रुख्माकडं न बघता.

धान कापणीच्या दिवसांत ती वेळ आली. दुपारी गुलशन जेवायला घरी आला होता. नेमका तेव्हाच भाग्यश्रीच्या फोनवर दवाखान्यातून फोन आला, पुढच्या तपासणीची आठवण करून द्यायला. त्यानं फोन हिसकावून कानाला लावला, तोवर तो कटला होता. "कौन था? बोल, कौन था?" भाग्यश्री सांगत होती, दवाखान्याचा आहे, लावून पाहा. त्यानं लावून पाहिला नाही. त्यानं तिच्या केसांना धरलं.

रुख्मा चुलीपुढून उठली. ती आत गेली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"माय, हट."

"नाई हटत."

"माय, हट म्हनतो ना!"

त्यानं तिला ढकललं. ती दाराच्या चौकटीवर आपटली, खांदा बधिर झाला. पण त्याचा हात भाग्यश्रीच्या केसांतून सुटला होता. रुख्मानं त्याच हाताला धरलं, सगळ्या अंगाचा भार टाकून लोंबकळली आणि ओरडली, "पर वो पोरी, पर! पळून जाय!" भाग्यश्री पोट धरून बाहेर पळाली. गुलशननं हात झटकला, रुख्मा दाराबाहेर फेकली गेली. ती पडली तशीच उठली, दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली.

आतून दोन-तीन धक्के बसले. मग गुलशनचा आवाज आला, रागाचा नाही, अगदी साधा. "माय, दार उघड ना वो. माय."

लहानपणी शेजारच्या खोलीत झोपताना भीती वाटली की तो अशीच हाक मारायचा. रुख्माचा हात कडीवरच होता. तिनं तो उचलला आणि अंगणातून बाहेर पडली. भाग्यश्री खुशीकडं पोचली होती आणि खुशीच्या नवऱ्यानं, शालीकरामनं, ऑटो बोलावला होता. तो दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर भाग्यश्री दात आवळून बसली होती आणि रुख्माच्या कानात ती हाक येतच होती.

दवाखान्यात पुन्हा तोच प्रश्न आला, कसं झालं? या वेळी रुख्मानं सुनेकडं पाहिलं. भाग्यश्रीनं मान हलवली. मग रुख्मा बोलली, "माया पोरानं मारलं. मागच्या खेपेलाबी त्यानंच मारलं होतं. हापशीवर कोनी पडलं नव्हतं. ते मी खोटं बोलली होती."

पोलीस आले. धनवंता पूर्ण वेळ भाग्यश्रीच्या पलंगाजवळ होती. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारानं मधेच पेन थांबवून विचारलं, "मावशी, तुम्ही त्याच्या सख्ख्या आई ना?"

"सख्खीच होय जी. लिवा तुमी."

त्याच संध्याकाळी कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. मुलगी झाली, एका ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रुख्मा रोज मिलमधून सुटली की दवाखान्यात यायची आणि काचेबाहेर उभी राहायची. नळ्या लावलेलं ते लेकरू श्वास घेताना बरगड्या आत ओढायचं. रुख्माला खोकला आला की ती तोंडावर पदर दाबून लांब निघून जायची, आपली धूळ त्या लेकराला लागेल म्हणून. वॉर्डात भाग्यश्रीजवळ तिची आई येऊन राहिली होती. रुख्मा भाकरीचा डबा देऊन दारातूनच परत यायची. भाग्यश्री डबा खायची, पण रुख्माला बस म्हणत नव्हती.

लेकरू जगलं. हळूहळू दूध ओढायला लागलं. सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी धनवंतानं रुख्माला बाहेरच्या बाकावर गाठलं आणि तिच्या शेजारी बसली.

"मावशी, भाग्यश्री माहेरी चालली. तिकडं एका संस्थेत शिवणकाम मिळून राहिलं. मी तिच्याशी फोनवर बोलत राहीन."

"बरं झालं. मी इतवारी जाईन, पोरीले पाहून येईन."

धनवंतानं डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला. "तिनं निरोप दिला मावशी. ती म्हणते, आईनं आमाले वाचवलं, हे मी पोरीले मोठी झाल्यावर सांगीन. पण आईनं घरी येऊ नये."

"काऊन?"

"तुमाले पाह्यलं का तिले ते अंगण दिसते. राग नाही म्हणते. पण दिसते."

समोरून एक म्हातारा सलाईनची बाटली उंच धरून हळूहळू चालत गेला. मग रुख्मा म्हणाली, "मलेबी तेच दिसते, बाई."

गुलशन जामिनावर सुटला. घरी आला तो आपले कपडे आणि दुरुस्तीची हत्यारं घ्यायला. रायपूरला एका ओळखीच्याकडं काम बघितलं होतं. रुख्मानं ताट वाढलं होतं. त्यानं ताटाकडं पाहिलं नाही. पिशवी भरून झाल्यावर तो दारात उभा राहिला.

"माय, बाबा तुले मारे, तवा मी तुया बाजूनं होतो."

"होता, बापा."

"मंग तू आता कोनाच्या बाजूनं आहे?"

तिला सांगायचं होतं की पोरा, तू बापाच्या हाताला लोंबकळायचास तेव्हा मला वाटायचं, हा कधी कोणावर हात उगारणार नाही. तिला हेही सांगायचं होतं की अजूनही येऊन धनवंताबाईजवळ बस, पुरुषांशीही बोलणारे लोक आहेत असं त्या म्हणतात. पण तिनं फक्त ताट त्याच्याकडं सरकवलं. तो गेला. ताटातला भात तिनं संध्याकाळी कुत्र्याला घातला.

गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. काही म्हणाले, मायच पोराची वैरीण झाली. काही म्हणाले, बाईनं हिंमत केली. रुख्मा दोघांचंही ऐकून घ्यायची. धनवंतानं तिला सांगितलं होतं, ही खोली तुमच्यासाठीही आहे. म्हणून मिलला सुट्टी असली की ती कधीकधी जाऊन बसायची. मनिरामनं काय काय केलं, ते तिनं जन्मात पहिल्यांदा तिथं कोणाला तरी सांगितलं. एकदा धनवंतानं सुचवलं की बाहेर बाकांवर इतक्या सासवा बसलेल्या असतात, त्यांच्याशी तुम्ही दोन शब्द बोलाल का? रुख्मानं मान हलवली. "नोको बाई. मी उशिरा उठलेली बाई. माया तोंडातून ते चांगलं नाई दिसत."

पुढच्या माघात ती कचारगडला, गोंडांच्या देवांच्या गुहेच्या जत्रेला गेली. दरवर्षी जायची, पण या वर्षी निघताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण देवाला जाते म्हणून निघाली तरी मनात दुसरंच होतं. चैतरामचं गाव तिथून जवळ होतं आणि ती माणसं जत्रा चुकवत नसत.

दरेकशाला उतरून ती गर्दीबरोबर चालत निघाली. पिवळे दुपट्टे, ढोल, ओळखीपाळखी नसलेली माणसं एकमेकांना "जय सेवा" म्हणत होती. गुहेकडं चढणाऱ्या वाटेवर एका मोहाच्या झाडाखाली ती दम खायला बसली आणि तिथून तिला भाग्यश्री दिसली. अंगावर पिवळं लुगडं, खांद्यावर झोपलेलं लेकरू, मागं आई-वडील. भाग्यश्री कोणाशी तरी बोलत हसत होती. ढोलाच्या गलक्यातूनही तो आवाज रुख्मापर्यंत आला. तो इतका मोठा होता, हे ती विसरून गेली होती.

रुख्मा उठली नाही. निरोप दिलेला होता. ती झाडाच्या आडोशाला सरकायला लागली, तेवढ्यात भाग्यश्रीची नजर तिच्यावर पडली. हसणं थांबलं. दोघींमध्ये वीस-पंचवीस माणसांची रांग होती. भाग्यश्री जवळ आली नाही. पण तिनं लेकराला एका खांद्यावरून उचललं आणि दुसऱ्या खांद्यावर घेतलं, तोंड रुख्माकडं होईल असं. आणि ती तशीच उभी राहिली.

लेकरू आता चांगलं भरलं होतं. जाग आली होती, ते उन्हानं डोळे बारीक करून बघत होतं. रुख्मानं पोटभर पाहिलं. चैतरामनं मागून काही म्हटलं, तेव्हा भाग्यश्री वळली आणि वर चढून गेली. रुख्मा त्या दिवशी गुहेपर्यंत गेली नाही. खालूनच हात जोडले आणि स्टेशनची वाट धरली.

परतीच्या गाडीत शेजारी आमगावची एक बाई बसली होती. गप्पिष्ट होती, डाळे-मुरमुरे पुढं करत विचारायला लागली. जत्रेले आली होती का? एकटीच? घरी कोन कोन आहे?

"पोरगा आहे, सून आहे, नात आहे," रुख्मा म्हणाली. "सगळे दूर राह्यते."

"नात आहे का? कोनावर गेली वो?"

रुख्मानं नीट पाहिलं होतं. कपाळ गुलशनचं होतं, भुवया गुलशनच्या होत्या आणि उन्हात डोळे बारीक करायची तऱ्हाही त्याचीच होती.

"मायवर गेली," ती म्हणाली, "पुरी मायवर." आणि बाईनं दिलेले मुरमुरे मुठीत धरून ती बाहेर बघत राहिली. गाडी सालेकशाला थांबून सुटली, तरी मूठ तशीच होती.